देवभाताचे वाण किती मानावेत?

पावसाळ्यात भाताच्या खाचरात न पेरलेले भात उगवते, लोंबी बाहेर पडताच त्याचे लांब, तांबूस कुसळ दिसू लागते, आणि पेरलेले पीक कापणीस येण्यापूर्वीच त्याचे दाणे झडून चिखलात जातात, हा प्रकार भात पिकविणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. याच जातकुळीचे झाड गावतळ्याच्या काठाने, बोडीच्या उथळ पाण्यात, रस्त्याच्या कडेच्या चरात कोणी न पेरता वर्षानुवर्षे वाढत असते. त्यास महाराष्ट्रात देवभात म्हणतात. छत्तीसगडात शेतात घुसलेल्या अशा भातास करगा म्हणतात, उत्तर भारतात तळ्यातील भातास तिन्नी हे नाव आहे, आणि संस्कृत ग्रंथांत त्याला नीवार म्हटले आहे. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमावाचून, नांगर न लागलेल्या जमिनीत आलेले अन्न खाण्याचा परिपाठ आहे. त्यामुळे या धान्यास त्या दिवशी मान मिळतो. एरवी त्याच्या वाट्यास खुरपे येते.

या देवभातात जितकी विविधता आढळते तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या रानगवतात आढळत असेल. एका तळ्यातील झाडे पाण्यावर लोळत वाढतात व पेऱ्यापेऱ्याला मुळ्या सोडतात, तर दुसऱ्या तळ्यातील झाडे गुडघाभर उंच, ताठ आणि एकसाली असतात. कोठे कुसळ वीतभर लांब आणि लालभडक, कोठे पांढुरके व आखूड. तूस काळे, तपकिरी, पिवळे असे नाना रंगांचे. एका लोंबीत मोजके दाणे, तर दुसरीत भरगच्च. आतील तांदूळ मात्र बहुधा तांबडा. साहजिकच, या सर्व प्रकारांना वेगवेगळी नावे देऊन त्यांची वाणवार मांडणी करावी, असा आग्रह वेळोवेळी धरण्यात येतो. तो कितपत मान्य करावा, याचा विचार शेतकऱ्याच्या व पीक सुधारणेच्या दृष्टीने करणे आवश्यक आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. शेतकरी ‘जात’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आंबेमोहोर, जिरेसाळ किंवा कोळंब असते. वनस्पतिशास्त्रज्ञ ‘जाती’ म्हणतो ती याहून वरची पायरी होय. आंबेमोहोर, जिरेसाळ आणि कोळंब ही तिन्ही त्याच्या लेखी एकाच जातीतील वाण आहेत. ओरायझा सतिव्हा हे त्या जातीचे नाव, लिनियसने १७५३ साली दिलेले. शेतातील वाण मनुष्याने निवडून, पिढ्यान् पिढ्या बी राखून स्थिर केलेला असतो. जिरेसाळीचे बी पेरले की जिरेसाळच येते. रानातील झाडाला असा कोणी राखणदार नसतो. तेव्हा रानातील एखाद्या रूपास ‘वाण’ म्हणावयाचे, तर ते रूप बियाण्यातून पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरते काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. देवभाताच्या बाबतीत हा प्रश्न फार वेळा विचारलाच गेला नाही.

त्याच्या नावांचा इतिहास पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. निरनिराळ्या काळांतील ग्रंथांत एकच झाड कधी सतिव्हाचा ‘फॅटुआ’ वाण, कधी ‘स्पॉन्टेनिया’ हा प्रकार, कधी ‘पेरेनिस’ ही स्वतंत्र जाती, तर कधी ‘बालुंगा’ ही उपजाती म्हणून आले आहे. ‘रुफिपोगॉन’ म्हणजे तांबड्या दाढीचे, हे नाव ग्रिफिथच्या टिपणांतून १८५१ साली प्रसिद्ध झाले, आणि बारमाही देवभातास आज तेच सर्वत्र मान्य आहे. एकसाली देवभातास शर्मा व शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ साली ‘ओरायझा निवारा’ असे स्वतंत्र नाव दिले. त्यात आपल्या नीवाराची आठवण राहिली ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि निवारा ही निराळी जाती की रुफिपोगॉनचेच एकसाली रूप, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही. दोघांचीही रंगसूत्रे चोवीसच, लागवडीच्या भाताचीही चोवीसच. परस्परांशी संकर होतो आणि संकराची झाडे बव्हंशी बी धरतात. रंगसूत्रांच्या संख्येवरून गव्हाच्या जाती जशा वेगळ्या काढता येतात तशी सोय येथे नाही.

मग नावे पडली ती बहुतेक कुसळ, तुसाचा रंग, दाण्याची लांबी अशा वरवर दिसणाऱ्या लक्षणांवर, आणि तीही पुष्कळदा कागदावर चिकटवून वाळविलेल्या नमुन्यांवरून. वाळलेल्या लोंबीवरून झाड बारमाही की एकसाली हे सांगणे जिकिरीचे असते. त्याचे बी पेरले तर काय निघेल, हे तर मुळीच सांगता येत नाही.

याउलट एक जुने उदाहरण फ्रान्समधील आहे. ल्यों शहरातील आलेक्सी जॉर्डन या एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञाने ड्राबा व्हर्ना या मोहरीच्या कुळातील इवल्याशा रानरोपाचे सुमारे २०० निरनिराळे प्रकार वेगळे काढले व प्रत्येकाला स्वतंत्र जाती मानले. त्या काळच्या पुष्कळ विद्वानांनी त्याची थट्टा केली. परंतु जॉर्डनने ही रोपे स्वतःच्या बागेत शेजारी शेजारी लावली होती, त्यांचे बी राखून पुन्हा पेरले होते, आणि दर वेळी प्रत्येक प्रकार आपल्या मूळ रूपाचाच निघाला होता. याचे कारण पुढे कळले. या रोपात फुलाचे परागीकरण त्याच फुलाच्या परागाने होते, म्हणून प्रत्येक वंश आपापल्या वाटेने शुद्ध राहतो. दोनशे जाती मानणे अतिरेकाचे होते यात शंका नाही. तरीही बागेत लावून पाहण्याची त्याची पद्धत योग्य होती, आणि देवभाताचे वाण पाडू इच्छिणाऱ्यांनी तेवढी तरी त्याच्याकडून घ्यावी.

ती पद्धत देवभातास लावली म्हणजे काय दिसते? एकसाली देवभात पुष्कळ अंशी स्वपरागित आहे. त्याचे परागकोश लहान असतात, फुलातल्या फुलातच काम उरकते, बी भरपूर येते आणि तळे आटले की झाड मरते. एका डबक्यातील झाडे बरीचशी एकसारखी आणि शेजारच्या डबक्यातील वेगळी, असे जे दिसते ते यामुळे. बारमाही देवभाताचे परागकोश मोठे, पराग विपुल, परपरागीकरण बरेच अधिक. बी मात्र थोडे, कारण त्याची सारी भिस्त ठोंबावर व मुळ्या सोडणाऱ्या पेऱ्यांवर असते. याचे बी पेरल्यास एकाच लोंबीतून चार तऱ्हेची झाडे निघणे अगदी शक्य आहे. अशा झाडाच्या कुसळाच्या रंगावरून वाण पाडणे म्हणजे एका बापाच्या मुलांना उंचीवरून निरनिराळी आडनावे देण्यासारखे होईल. जपानमधील ओका व मोरिशिमा या संशोधकांनी आशियातील देवभाताचे नमुने एकत्र लावून दीर्घकाळ अभ्यास केला. बारमाही व एकसाली ही दोन टोके असून त्यांच्यामध्ये सर्व पायऱ्यांची झाडे सापडतात, असे त्यांना आढळून आले.

यात भर पडते ती पिकाशी होणाऱ्या संकराची. या बाबतीत आपल्याच शेजारचा अनुभव फार बोधक आहे. तत्कालीन मध्य प्रांतात, ज्यात त्या वेळी भंडारा व चांदा हे आपले भातजिल्हेही मोडत होते, देवभाताचा उपद्रव मोठा होता. बी फेकून पेरण्याची म्हणजे आवत्याची पद्धत तेथे सर्वत्र असल्याने, निंदणीच्या वेळी करग्याचे रोप कोणते व पिकाचे कोणते हे ओळखता येत नसे. लोंबी आल्यावर ओळख पटे, पण तोवर उशीर झालेला असे. यावर रायपूर येथे उपाय काढण्यात आला, आणि बी. बी. दवे यांनी १९४३ साली तो लिहून प्रसिद्ध केला. तो असा की, जांभळ्या पानांचा भात पेरावा आणि निंदताना हिरवे रोप दिसेल ते उपटावे. युक्ती नामी होती. पहिल्या काही हंगामांत तिचा उपयोगही झाला. परंतु पुढे जांभळ्या पिकाच्या परागाने देवभातात संकर झाला, हिरवी रोपे तर शेतकरी स्वतःच उपटून काढीत होता, म्हणून जांभळी तेवढी शिल्लक राहिली. आणि थोड्याच वर्षांत देवभातही जांभळ्या पानांचा झाला! ओका व चांग यांनी १९५९ साली देवभातावरील आपल्या लेखात या प्रकाराची नोंद केली आहे.

आता त्या काळी एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या भागात फेरी मारून ‘जांभळ्या पानांचा देवभात’ असा नवा वाण नोंदविला असता, तर तो वाण रानाने घडविलेला म्हणावयाचा की खुरप्याने? शेतातील देवभाताची पुष्कळशी लक्षणे अशीच शेजारच्या पिकावरून उचललेली असतात. पिकाची उंची बदलली की त्याची उंची बदलते, आणि पीक लवकर पिकणारे आले की तोही लवकर पिकू लागतो. अलीकडच्या जनुकीय अभ्यासानेही हेच पुढे आले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत रुफिपोगॉनचे ४४६ नमुने तपासण्यात आले. त्यांचे ठळक गट तीनच पडले, आणि तेही बऱ्याच अंशी प्रदेशानुसार. २०१७ साली दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसून आले की, रानटी म्हणून जपून ठेवलेल्या नमुन्यांत लागवडीच्या भाताचा अंश फार मोठा आहे, आणि काही तर मूळचे पीकच असून रानात गेलेले आहेत.

एवढ्यावरून कोणी असे म्हणेल की, मग नावांची यातायात सोडून द्यावी आणि सारे देवभात हे एकच तण समजून उपटावे. हे मत पहिल्याहून अधिक घातक आहे. त्याचा पुरावा फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या कामात सापडतो. १९७० च्या सुमारास भाताच्या गवती खुजेपणाच्या विषाणू रोगाने आग्नेय आशियात पिकाची हानी चालविली होती. त्या संस्थेतील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. लागवडीच्या एकाही वाणात चांगली रोगप्रतिकारशक्ती आढळली नाही. ती सापडली फक्त एका नमुन्यात, आणि तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेला एकसाली देवभात होता. त्या नमुन्यातील सर्व झाडेही प्रतिकारक नव्हती, थोडीच होती. त्या थोड्या झाडांवरून डॉ. गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे वाण काढले त्यांत १९७६ साली आलेला आय. आर. ३६ हा प्रमुख होय. एके काळी तो आशियात एक कोटीहून अधिक हेक्टरांवर पेरला जात असे. उत्तर प्रदेशातील त्या तळ्यावर गेलेल्या माणसाने ‘हा नमुना आपल्याकडे आहेच’ असे म्हणून पुढचा रस्ता धरला असता, तर काय झाले असते याची कल्पना करावी.

चीनमधील गोष्टही अशीच. १९७० साली हैनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना देवभातात वांझ परागाचे एक झाड सापडले. त्या झाडाच्या पेशीद्रव्यावर चीनचा संकरित भात उभा राहिला आणि १९७६ पासून शेतकऱ्यांच्या शेतात गेला. कर्जतच्या संशोधन केंद्रातून १९९८ साली प्रसारित झालेल्या ‘सह्याद्री’ या संकरित भाताची मादी बाजूही त्याच वांझ पेशीद्रव्याची आहे. म्हणजे कोकणातील ज्या खाचरात ‘सह्याद्री’ लावला जातो, त्यात चीनच्या एका ओहळातील देवभाताचा वारसा उभा असतो, आणि बांधावरचा देवभात मात्र उपटून टाकला जातो. पहिली गोष्ट जितकी खरी तितकीच दुसरी आवश्यक आहे, हा या विषयातील खरा पेच होय.

या दोन्ही उदाहरणांत उपयोगी पडलेला गुण कुसळाच्या रंगाशी किंवा तुसाच्या छटेशी निगडित नव्हता. तो एखाद्या नामांकित वाणाचा गुण नव्हता, एका विशिष्ट जागच्या मोजक्या झाडांचा होता. सूक्ष्म भेदांवरून वीस-पंचवीस वाण पाडले आणि प्रत्येकाचा एक नमुना कोठीत ठेवला, म्हणजे सर्व देवभात सुरक्षित झाला अशी खोटी खात्री वाटू लागते. वास्तविक त्याच ‘वाणा’च्या दुसऱ्या तळ्यातील झाडांत काय दडले आहे ते कोणासच ठाऊक नसते. बहुवाणवादी विद्वानांचे असे म्हणणे असते की, ज्यास नाव नाही त्याची कोणी काळजी घेत नाही. सरकारी दप्तराचा अनुभव घेतलेल्यांना यात तथ्य वाटेल. परंतु त्यासाठी लॅटिन नाव पाहिजे असे नाही. गावाचे नाव, तळ्याचे नाव आणि एक अनुक्रमांक एवढ्यानेही नोंद होते, आणि ती नोंद पुढे विद्वानांचे मत बदलले तरी खोटी ठरत नाही.

शेतकऱ्यापुरते बोलावयाचे तर देवभाताचे तीनच भेद ध्यानात ठेवण्याजोगे आहेत, कारण तिघांशी वागण्याची रीत निरनिराळी आहे. बारमाही देवभात खोल पाण्यात, ओढ्याकाठी राहतो. तो ठोंबाने व पेऱ्यांनी पसरतो, खाचरात शिरल्यास मुळासकट काढावा लागतो, नुसता कापून भागत नाही. एकसाली देवभात हंगामी डबक्यांत असतो. त्याचे सारे बळ बियाण्यात, तेव्हा दाणे झडण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त व्हावयास हवा. तिसरा खाचरातील तणभात, म्हणजे पीक आणि रान यांच्या संकरातून किंवा पिकापासूनच उतरलेला. हा सर्वांत लबाड. याचे बी जमिनीत सुप्त राहून काही वर्षांनीही उगवते, आणि मळणीत मिसळल्यास तांबड्या दाण्यांमुळे तांदळाचा भाव पडतो. पहिल्या सरींनंतर उगवलेली रोपे नांगरून गाडणे, चांगली चिखलणी करून ओळीत लावणी करणे, खाचरात पाणी बांधून ठेवणे, ओळीबाहेरचे रोप व कुसळाची लोंबी दिसताच काढणे, आणि मुख्य म्हणजे बियाणे स्वच्छ घेणे, हे उपाय सर्वांच्या परिचयाचे आहेत.

लावणीस मजूर मिळत नाहीत म्हणून पुष्कळ ठिकाणी पेरभाताकडे कल वळला आहे, तेथे या तिसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. मलेशियात लावणी सुटून पेरणी आली, त्यानंतर तणभात मोठी डोकेदुखी होऊन बसला. तणनाशक सहन करणारे भातवाण अमेरिकेत २००२ पासून पेरले जाऊ लागले. काही वर्षांतच तेथील तणभातात तोच गुण संकराने उतरलेला आढळला. भारतात २०२१ साली पुसा बासमती १९७९ व १९८५ हे इमॅझेथापायर सहन करणारे वाण प्रसारित झाले आहेत. रायपूरच्या जांभळ्या पानांची कहाणी ज्यांनी वाचली आहे, त्यांना तणनाशकाच्या या नव्या युक्तीचे पुढे काय होऊ शकते हे निराळे सांगण्याची गरज पडू नये. असे वाण दरवर्षी त्याच खाचरात घेणे, आणि फवाऱ्यातून वाचलेली झाडे फुलोऱ्यापर्यंत तशीच राहू देणे, या दोन्ही गोष्टी टाळल्या पाहिजेत.

गावतळी आणि बोड्या यांकडे मात्र निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. खाचरातील तणभात काढून टाकणे हे शेतकऱ्याचे काम. पण शेतापासून दूर असलेल्या तळ्यातील देवभात गाळ काढताना, काठ बांधून घेताना किंवा चर बुजविताना समूळ नाहीसा झाला, तर तो परत आणता येत नाही. पूर्व विदर्भातील मामा तलाव व कोकणातील पाणथळ जागा यांचे काम हाती घेण्यापूर्वी तेथील देवभाताचे बी काढून घेणे कृषी सहायकास सहज शक्य आहे. दाणे पिकताच झडतात, म्हणून लोंब्यांवर पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात, किंवा दाणे घट्ट होताच लोंब्या हाताने ओरपून घ्याव्यात. एकाच झाडाचे भरपूर बी घेण्यापेक्षा तळ्याच्या सर्व बाजूंच्या निदान तीस-चाळीस झाडांचे थोडे थोडे घ्यावे. दोन तळ्यांचे बी, दिसण्यात कितीही सारखे असो, एकत्र करू नये. बी सावलीत वाळवावे आणि पिशवीत टाकावयाच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तळ्याचे नाव, पाण्याची खोली, झाड बारमाही की एकसाली, जवळात जवळचे भातशेत किती अंतरावर आहे व त्यात कोणता वाण होता, आणि गोळा केल्याची तारीख लिहावी. वाणाचे नाव लिहिण्याची जागा कोरी ठेवण्यास हरकत नाही.